छायाचित्र सर्वांत शेवटी छापावे

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एखाद्या लेखकाचे छायाचित्र छापून, त्याखाली चार सूचक वाक्ये देऊन, हा साहित्यिक कोण, असे विचारणारे कोडे गेले काही महिने प्रसिद्ध होत आहे. मराठी वृत्तपत्रात दर आठवड्याला एका साहित्यिकाला पाव पान जागा मिळते याचा मला मनापासून आनंद आहे, आणि पुढचा मजकूर निव्वळ कुरकुर म्हणून वाचला जाऊ नये यासाठी तो आनंद पत्राच्या आरंभीच नोंदवून ठेवतो. माझे म्हणणे कोड्याच्या क्रमापुरते आहे. छायाचित्र आधी आणि लेखन कुठेच नाही, असा तो क्रम सध्या आहे.

गेल्या खेपेला आपण काळा गॉगल लावलेल्या एका गृहस्थांचे छायाचित्र छापले होते. धारवाडला इंग्रजीचे अध्यापन केले, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि तो परत केला, सभासंमेलनांपासून आयुष्यभर दूर राहिले, १९८७ साली पुण्यात निधन झाले, अशी चार वाक्ये खाली होती. बारावीत शिकणाऱ्या माझ्या नातीने मोबाइलचा कॅमेरा त्या चित्रासमोर धरला आणि मी चष्मा शोधेपर्यंत उत्तर सांगून टाकले, "आजोबा, जी. ए. कुलकर्णी." खालची चार वाक्ये तिने वाचली नव्हती, वाचण्याची गरजही पडली नव्हती. त्यांचे काही वाचले आहेस का, असे विचारल्यावर ती प्रामाणिकपणे नाही म्हणाली आणि प्रवेशिका भरायला बसली. उत्तर अर्थातच बरोबर होते. लेखकाचे एक अक्षरही न वाचता त्याला ओळखल्याबद्दल आपण तिला पुस्तकांचे कूपन देणार आहात, यातली गंमत आपल्याही लक्षात येईल.

हा दोष मोबाइलच्या माथी मारून मी मोकळा होणार नाही. मोबाइल नव्हता तेव्हाही जीएंच्या बाबतीत लोक गॉगलच ओळखत असत. कॅमेऱ्यापासून दूर राहणाऱ्या त्या लेखकाची जी मोजकी छायाचित्रे वाचकांच्या डोळ्यांसमोर आहेत, त्यांत डोळेच झाकलेले आहेत, आणि तरीही ते मराठीतल्या सर्वांत सहज ओळखल्या जाणाऱ्या चेहऱ्यांपैकी एक ठरले. 'काजळमाया' किंवा 'पिंगळावेळ'मधले एखादे पान लेखकाचे नाव झाकून वाचायला दिले, तर त्यांचा जुना वाचक दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला थांबेल. एकीतून दुसरी फुटत जाणाऱ्या त्या उपमा, माणसाच्या हातून निसटत जाणाऱ्या गोष्टींकडे पाहण्याची ती थंड, एकाग्र नजर आणि दैवाशी घातलेला तो न संपणारा वाद दुसऱ्या कुणाच्या लेखनात इतका सलग सापडणार नाही. त्या ओळखण्यात मजा आहे. गॉगल ओळखण्यात फार तर चपळाई आहे.

मी तालुक्याच्या गावातल्या एका 'ब' वर्ग सार्वजनिक ग्रंथालयात ३१ वर्षे ग्रंथपाल होतो. ग्रंथपाल हा शब्द जरा भारदस्त वाटतो म्हणून खुलासा करतो, की पुस्तके देणे, वर्गणी गोळा करणे, दिवाळी अंकांवर शिक्के मारणे आणि पावसाळ्यात गळक्या कोपऱ्यातली कपाटे सरकवणे ही सगळी कामे त्यात येत. लेखक ओळखण्याचे आपल्यासारखेच एक कोडे आमच्याकडेही वर्षानुवर्षे चालू होते. त्याला बक्षीस नव्हते आणि ते आम्ही हौसेने सुरू केले होते असेही नाही.

जुने पुस्तक हातोहाती फिरून खिळखिळे झाले की त्याचा पहिला फर्मा सर्वांत आधी सुटतो. फर्मा म्हणजे सोळा पाने. वेष्टन तर त्याच्या कितीतरी आधी गेलेले असते. पहिल्या फर्म्याबरोबर मुखपृष्ठ, शीर्षकाचे पान, प्रकाशकाचे नाव, साल, किंमत, अर्पणपत्रिका आणि प्रस्तावना अशी लेखकाची सगळी कागदपत्रे जातात आणि पुस्तक थेट सतराव्या पानावर, बहुधा एखाद्या वाक्याच्या मध्यावर सुरू होते. ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाच्या एका ठरावीक पानावरही दाखल क्रमांक लिहिलेला असतो. त्याला आम्ही गुप्त पान म्हणत असू. तो क्रमांक नोंदवहीत पाहिला की पुस्तकाची सगळी कुळकथा निघते. आमच्या पूर्वसूरींनी हे गुप्त पान अकरावे ठरवले होते. म्हणजे ज्या दिवशी त्याची खरी गरज पडे, त्याच दिवशी ते फर्म्याबरोबर नाहीसे झालेले असे. दूरदृष्टीचा असा नमुना सार्वजनिक संस्थांमध्ये नवा नाही.

अशी बेवारस पुस्तके मी टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात रचून ठेवत असे. बाइंडरकडे पाठवण्यापूर्वी पुठ्ठ्यावर काय लिहायचे हे ठरणे आवश्यक होते, कारण आमचा बाइंडर सांगितलेले नाव पांढऱ्या शाईत सुबक लिहून देई, पण नाव सांगितले नाही तर स्वतःच्या मनाने लिही. संध्याकाळी वर्तमानपत्रे चाळायला येणाऱ्या मंडळींसमोर मी त्यातले एकेक पुस्तक ठेवू लागलो. एस.टी.चे वाहतूक नियंत्रक असलेले एक गृहस्थ, सरकारी दवाखान्यातले एक कंपाउंडर आणि कन्याशाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई, असा तो मुख्य गट होता. नियंत्रक साहेब पुस्तक उघडून आधी त्यातली गावे शोधत, कारण वाहनांचे मार्ग त्यांना तोंडपाठ होते आणि कोणत्या गावाहून कोणत्या गावाला कसे जातात हे लेखकाने चुकीचे लिहिले असेल, तर तो त्या भागातला नव्हे हे ते छातीठोकपणे सांगत. कंपाउंडरांचा भर आजारांवर असे. नायिका क्षयाने मेली की पुस्तक जुने, असा त्यांचा साधा नियम होता, आणि तो थट्टेचा वाटला तरी पुष्कळदा लागू पडे. बाई मात्र काहीही न शोधता शांतपणे वाचत बसत.

१९८४ च्या सुमारास असेच एक कथांचे पुस्तक त्या कोपऱ्यात आले. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबत चाललेल्या मुलींच्या मनातले त्यात होते. घरादाराच्या सोयीसाठी मिटून ठेवलेली त्यांची इच्छा आणि तिच्याबद्दल त्यांची त्यांनाच वाटणारी लाज त्या कथांमध्ये अशी मांडलेली होती, की वाचताना माणूस पान उलटायचे विसरे. लिपीत 'नाहीं', 'कांहीं' यांसारखे जुन्या लेखनपद्धतीतले अनुच्चारित अनुस्वार भरपूर होते, तेव्हा पुस्तक साठच्या आधीचे हे आम्ही लगेच ठरवले. पुढे मात्र मतभेद झाले. नियंत्रक साहेबांनी स्त्रियांविषयी कळवळ्याने लिहिणारे दोन-तीन पुरुष कादंबरीकार सुचवले. कंपाउंडरांचे म्हणणे असे पडले, की त्या काळातली कुलीन स्त्री असले उघडपणे लिहिणार नाही, म्हणून हे पुरुषानेच लिहिलेले असले पाहिजे. बाईंनी पुस्तक घरी नेले. तीन दिवसांनी परत आणून टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या, "अहो भाऊ, हे पुरुषाला सुचायचं नाही. आणि सुचलं तरी तो असा मध्येच गप्प बसायचा नाही, समजावून सांगत बसेल." आत एक चिठ्ठी होती. तिच्यावर लिहिले होते, 'विभावरी शिरूरकर'.

पुस्तक 'कळ्यांचे निःश्वास' होते. आमच्या वाचनालयातल्या त्या तीन संध्याकाळी जे घडले, तेच पन्नास वर्षांपूर्वी, १९३३ साली हे पुस्तक ह. वि. मोटे यांनी प्रकाशित केले तेव्हा सबंध सुशिक्षित महाराष्ट्रात फार मोठ्या प्रमाणावर आणि कितीतरी कडवटपणे घडले होते. नाव टोपण आहे हे लोकांना कळत होते. छायाचित्र तर नव्हतेच. मग ही विभावरी कोण, ती बाई आहे की बाप्या, तिचे लग्न झाले आहे काय, हा तिचा स्वतःचा अनुभव समजायचा काय, अशा तर्कांना ऊत आला. पुढच्याच वर्षी आलेल्या 'हिंदोळ्यावर' या कादंबरीने त्यात भर घातली. नाव उघडकीस आले तेव्हा ते हिंगण्याला कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या आणि स्वतः शिक्षिका असलेल्या बाळूताई खरे, म्हणजेच लग्नानंतरच्या मालतीबाई बेडेकर यांचे निघाले.

मला या प्रकरणातल्या दोन गोष्टींची गंमत वाटत आली आहे. पहिली अशी की एक सूचक शब्द पहिल्या दिवसापासून मुखपृष्ठावरच छापलेला होता. मालतीबाईंचा जन्म घोडनदीचा, आणि घोडनदी म्हणजे पुणे जिल्ह्यातले शिरूर. लेखिकेने आपले गाव आडनावात ठेवून दिले होते आणि लोक ते वाचत असूनही दुसरीकडेच शोधत होते. दुसरी गोष्ट जरा गंभीर आहे. त्या काळी जे तर्क केले गेले, त्यांवरून लेखिकेविषयी फारच थोडे कळते, तर्क करणाऱ्यांविषयी मात्र पुष्कळ कळते. बाईने असे लिहिणे शक्य नाही असे ज्याला वाटले, त्याने आपल्या घरातल्या बायकांविषयीचा समजच बोलून दाखवला होता. छायाचित्र छापलेले असते तर हा सगळा प्रकार पहिल्याच दिवशी मिटला असता, आणि त्याबरोबर ते पुस्तकही बहुधा मिटले असते, कारण मग लोकांनी कथा न वाचता त्या चेहऱ्यावर कथा शोधल्या असत्या.

आता हेच नाव आपल्या कोड्यात आले तर काय होईल याची मला कल्पना करता येते. उतारवयातले एक शांत छायाचित्र येईल आणि खाली जन्मसाल १९०५, टोपणनाव, पतीचे नाव आणि १९८१ च्या समांतर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद अशी माहिती येईल. त्यातला प्रत्येक तपशील खरा असेल, तरीही त्यातून त्या लेखिकेच्या जवळ कोणी जाणार नाही. त्याऐवजी असे विचारून पाहावे, की मराठीतल्या कोणत्या लेखिकेने स्त्रियांच्या अलंकारांवर अभ्यासपूर्ण पुस्तक लिहिले, आणि सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये अधिकारी म्हणून काम करताना, सरकारने गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणाआड ठेवलेल्या जमातींचे जे जिणे पाहिले, त्यावर पुढे कादंबरीही लिहिली? दागिने आणि काटेरी तार ही जोडी वाचकाच्या मनात घोळत राहील. उत्तर सापडले नाही तरी 'बळी' ही १९५० सालची कादंबरी काढून वाचावीशी वाटेल, आणि आपल्या सदराचे काम तिथेच झालेले असेल.

छायाचित्राबद्दल आणखी एक सांगितले पाहिजे. एका लेखकाचा एकच चेहरा आपण धरून बसतो आणि तो बहुधा त्याच्या कीर्तीच्या वयाचा असतो, लिहिण्याच्या वयाचा नसतो. कुसुमाग्रज म्हटले की ज्ञानपीठाच्या सुमाराचे, पांढऱ्या केसांचे, चष्म्यातून मंद हसणारे तात्यासाहेब आपल्याला दिसतात. पण 'विशाखा' १९४२ साली आली तेव्हा तिचा कवी अवघा तीस वर्षांचा होता. त्या वयातले त्यांचे छायाचित्र आपण छापलेत, तर 'क्रांतीचा जयजयकार' पाठ म्हणणाऱ्या माणसांनाही ते ओळखता येणार नाही, आणि म्हातारपणीचे छापलेत तर ती कविता तोंडपाठ नसणाऱ्यालाही ओळखता येईल. शतकापूर्वीच्या मंडळींच्या बाबतीत तर आणखीच कठीण. पगडी किंवा रुमाल, उपरणे, भरघोस मिशा आणि छायाचित्रकाराने हलू नका म्हणून बजावल्यामुळे आलेला करारी भाव, एवढे सगळ्यांना समान असते. अशा वेळी वाचक लेखकाला ओळखत नाही, पगड्यांची घडण ओळखतो. ज्ञानेश्वर-तुकारामांविषयी तर बोलायलाच नको. त्यांची जी रूपे आपण घरोघरी पाहतो ती चित्रकारांच्या कल्पनेतून आलेली आहेत, आणि तरीही अभंगाचे दोन चरण कानावर पडले की कुणाचे ते निरक्षर वारकरीही सांगतो.

मराठी लेखकांनी स्वतःचा चेहरा लपवण्यात जेवढी कल्पकता दाखवली आहे, तेवढी आपण त्यांना ओळखण्यात दाखवत नाही, अशीही माझी एक जुनी तक्रार आहे. राम गणेश गडकरी कवितेखाली गोविंदाग्रज म्हणून सही करीत, विनोदी लेखाखाली बाळकराम म्हणून, आणि नाटकापुरते आपले नाव राखून ठेवीत. एकाच माणसाची ही तीन घरे आहेत. तिन्ही घरांतून एकेक परिच्छेद उचलून, यातले कोणकोण एकाच छपराखाली राहते, असे वाचकाला विचारता येईल. वऱ्हाडात सरकारी कचेरीत कारकुनी करणारे नारायण मुरलीधर गुप्ते 'बी' या एका अक्षराआड राहिले. त्यांचा 'फुलांची ओंजळ' हा संग्रह १९३४ साली आला तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. 'चाफा' ही कविता महाराष्ट्रभर गायली गेली, पण तिच्या कवीचे छायाचित्र समोर ठेवले तर गाणाऱ्यांपैकी हजारात एक तरी ओळखेल का, याची मला शंका आहे. माणिक गोडघाट्यांनी ग्रेस हे नाव घेतले. जयवंत दळवी 'ललित' मासिकात ठणठणपाळ होऊन वर्षानुवर्षे साहित्यिकांच्या टोप्या उडवीत राहिले, आणि वसंत सरवट्यांनी या ठणठणपाळाची जी आकृती काढली ती वाचकांच्या मनात इतकी पक्की बसली, की तिच्यामागच्या माणसाचा चेहरा कसा आहे हे पाहण्याची गरज कुणाला भासली नाही. आपल्या कोड्यात ते व्यंगचित्र छापले तर त्याला छायाचित्र मानायचे की सूचक वाक्य, असा एक गोड पेच आपल्यापुढे उभा राहील.

इथे माझी स्वतःची एक फजितीही कबूल करून टाकतो, म्हणजे दुसऱ्यांना शिकवण्याचा अधिकार थोडा कमी होईल पण पत्र खरे होईल. नोकरीला लागलो त्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी मी ग्रंथालयात स्त्री-लेखिकांच्या पुस्तकांचे छोटेसे प्रदर्शन मांडले होते. त्यात इंदिरा संतांच्या शेजारी मी 'जोगवा' आणि 'दिवेलागण' हे दोन कवितासंग्रह मोठ्या प्रेमाने ठेवले. कवीचे नाव आरती प्रभू, तेव्हा शंका घेण्याचे कारणच नव्हते. संध्याकाळी त्याच बाईंनी येऊन दोन्ही पुस्तके न बोलता उचलली आणि चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'कोंडुरा' या कादंबरीशेजारी नेऊन ठेवली. आरती प्रभू हे खानोलकरांचेच टोपणनाव. मी नाव वाचले होते, कविता वाचल्या नव्हत्या. वाचल्या असत्या तर त्या पुरुषाच्या आहेत हे कळलेच असते असा माझा दावा नाही. पण 'कोंडुरा'चे कोकण आणि त्या कवितांमधला अंधार एकाच विहिरीतून शेंदलेला आहे, एवढे तरी जाणवले असते.

लेखनावरून लेखक ओळखणे ही निव्वळ रसिकांची कल्पना आहे असे कुणी म्हणेल, म्हणून एक उदाहरण परदेशातले देतो. २०१३ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट गालब्रेथ या नव्या लेखकाच्या रहस्यकादंबरीमागे जे. के. रोलिंग असाव्यात, अशी कुणकुण एका वृत्तपत्राला लागली, तेव्हा त्याने मजकूर दोन अभ्यासकांना संगणकावर तपासायला दिला. त्यांनी कथानक किंवा पात्रे पाहिली नाहीत. शब्दांची लांबी, नेहमीचे बारीकसारीक शब्द किती वेळा येतात, कोणता शब्द कोणत्या शब्दाला चिकटून येतो, असल्या क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टी मोजल्या, आणि कौल रोलिंगबाईंकडे झुकला. पुढे त्यांनी स्वतःच ते मान्य केले. लेखक आपले विषय बदलू शकतो, नाव बदलू शकतो, पण 'आणि' लिहायचे की 'व', 'पण' की 'परंतु', क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवायचे की मध्येच टाकून पुढे निघायचे, या सवयी त्याच्या नकळत चालू असतात. आमच्या कन्याशाळेच्या बाईंनी जे 'मध्येच गप्प बसणे' ओळखले होते, ते संगणकाला मोजता आले असते की नाही मला सांगता येणार नाही. पण त्या दोघांची वाट एकच होती.

यावरून एक विनंती करतो, आणि ती आपल्या मुद्रितशोधकांपर्यंत पोहोचावी अशी इच्छा आहे. जुन्या लेखकाचा उतारा देण्याचे आपण कधी मनावर घेतलेत, तर तो मूळ लेखनपद्धतीत द्यावा. १९६२ साली साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने मान्य केले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. 'नाहीं', 'कांहीं', 'घरीं', 'पुस्तकें' ही रूपे ज्या पानावर दिसतात ते पान त्या वर्षाच्या अलीकडचे सहसा नसते. आवृत्त्या काढताना प्रकाशक हे अनुस्वार पुसतात, वृत्तपत्रेही पुसतात, आणि त्याबरोबर वाचकाला काळ सांगणारा एक फुकटचा साक्षीदार पुसला जातो. बोलीचेही तसेच आहे. बहिणाबाईंच्या ओळींमधली लेवा गणबोली प्रमाण मराठीच्या साच्यात घातली, तर अर्थ राहील, पण जळगावकडची ती बाई त्यातून उठून निघून जाईल.

बहिणाबाईंचे नाव निघालेच आहे तर त्यांच्याविषयीचे सूचक वाक्य मी सुचवून ठेवतो. 'मराठीतल्या या लेखिकेला लिहिता येत नव्हते.' एवढेच छापावे. फार तर पुढच्या रविवारी, त्यांच्या हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही आणि मृत्यूनंतर पुढच्याच वर्षी, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह तो प्रसिद्ध झाला, एवढे सांगावे. तिसऱ्या रविवारी जात्याचा, नांगराचा किंवा सुगरणीच्या खोप्याचा उल्लेख नसलेल्या दोन ओळी द्याव्यात, कारण खोपा म्हटला की शाळेतली पोरेही उत्तर देतील. डोक्यावर पदर घेतलेले ते छायाचित्र चौथ्या रविवारी, उत्तराबरोबर छापावे. ज्याने तीन आठवडे त्या ओळी मनात घोळवल्या आहेत तो त्या चेहऱ्याकडे जसे पाहील, तसे ज्याला तो पहिल्याच दिवशी मोबाइलने ओळखून दिला तो पाहणार नाही. छायाचित्राशी माझे वैर नाही हे आपल्या लक्षात यावे म्हणून हे लिहिले. आमच्या ग्रंथालयाच्या भिंतीवरही साहित्यिकांच्या तसबिरी होत्या, आणि त्यांवरची धूळ दर गुढीपाडव्याला मीच पुसत असे.

चार आठवडे एकच कोडे चालवले तर वाचक थांबणार नाहीत, पुरवणीला दर रविवारी काहीतरी नवे हवे असते, अशी आपली अडचण असेल, आणि ती मी समजू शकतो. पण एकाच वेळी चार कोडी चार वेगवेगळ्या टप्प्यांवर चालू ठेवता येतील. त्यामुळे दर रविवारी एक नवा उतारा, दोन जुन्या कोड्यांचे पुढचे धागे आणि एक छायाचित्र एवढा मजकूर पाव पानात बसेल. क्रमशः कादंबरीची वाट आठवडाभर पाहणाऱ्या लोकांची आपण नातवंडे आहोत, तेव्हा एवढा धीर आपल्यात असावा. मोबाइलवर उतारा टाकूनही उत्तर शोधता येईल, हे मला माझ्या नातीने आधीच सांगितले आहे. प्रसिद्ध पुस्तकाचे प्रसिद्ध पान दिले तर ते होईलच. म्हणून पान निवडणाऱ्याने पुस्तक खरोखर वाचलेले असावे लागेल, आणि हा खर्च आपल्याला सोसावा लागेल.

शेवटी आमच्या त्या उजव्या कोपऱ्यातले एक पुस्तक सोपवतो. मी निवृत्त झालो तेव्हा त्या ढिगातली सगळी पुस्तके नावानिशी कपाटात गेली होती, हे एक सोडून. ती कादंबरी आहे, सतराव्या पानापासून सुरू होते, शेवटचा फर्माही नाही. अनुस्वार भरपूर आहेत. नायक घाटातल्या एका लहान स्टेशनावर तारबाबू आहे आणि आलेल्या तारांमधल्या माणसांची आयुष्ये मनाशी रचत बसतो. लेखक 'व' जवळजवळ वापरतच नाही. पावसाचे वर्णन तीन ठिकाणी आहे आणि तिन्ही ठिकाणी पाऊस आवाजाने कळतो, दिसत नाही. नियंत्रक साहेबांनी घाट कोणता ते सांगितले होते, पण त्यापुढे आम्ही गेलो नाही. कंपाउंडरांच्या नियमाचा उपयोग झाला नाही, कारण उरलेल्या पानांत कुणीच मरत नाही. कन्याशाळेच्या बाईंनी ते दोनदा घरी नेले आणि दोन्ही वेळा चिठ्ठी न ठेवता परत केले. सतरा ते वीस या पानांची छायाप्रत या पत्रासोबत जोडली आहे. आपल्या वाचकांपैकी कुणाला ओळख पटली तर कृपया कळवावे. बाइंडरला पुठ्ठ्यावर काय लिहायचे ते अजून सांगितलेले नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त ग्रंथपाल

(माझे नाव आणि पत्ता आपल्या माहितीसाठी स्वतंत्र कागदावर दिला आहे. विषय लक्षात घेता तो छापू नये, आणि छायाचित्र मागवू नये, ही विनंती.)